मिस ओडेसाचे आठ प्लग

१५ सप्टेंबर २०१९, रविवार

नवी वही. तीस वर्षं मी गाडीची वही लिहितोय. हवा कशी होती, बाटलीत दाब किती, टायमिंग किती, कुठले जेट घातले, प्लगचा रंग काय आला, एवढंच. आता टॅव्हियाने ते सगळं लॅपटॉपमध्ये नेलंय. "बाबा, तुमचं अक्षर आता तुम्हालाच लागत नाही," म्हणे. नाही लागत तर नाही! वही मोकळी झालीय, आता मी हिच्यात मला पाहिजे ते लिहिणार. कोण वाचायला येतंय? मुद्दाम रुंद रेघांची आणली, पण हल्ली रेघासुद्धा फिकट छापतात. शाईतही काटकसर.

पहिल्या पानावर नियम लिहायची खोड मात्र जात नाही. नायट्रस म्हणजे इंजिनाला दिलेली जास्तीची हवा. जास्तीची हवा दिली की जास्तीचं पेट्रोलही द्यायचं आणि ठिणगी थोडी उशिरा पाडायची. पेट्रोल कमी पडलं तर जाळ पिस्टनच खातो, दोन सेकंदांत. ॲक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकल्याशिवाय नायट्रस सुटता कामा नये. बाटली गरम करायची ती विजेच्या ब्लँकेटने. ज्योत लावून करणाऱ्याने आधी मृत्युपत्र लिहून ठेवावं. आणि प्रत्येक धावेनंतर ठिणगीचे आठही प्लग काढून वाचायचे, तपकिरी म्हणजे पेट्रोल पुरतंय, पांढरा म्हणजे कमी पडतंय. माणसं खोटं बोलतात, प्लग बोलत नाही.

आज चर्च सुटल्यावर डीकन मॅनिगोने मला गाठलं. समोर उभा होता तरी मी आवाजावरून ओळखला. टोपी नाकापर्यंत ओढून उन्हात उभा राहतो, चेहरा दिसणार कसा? त्याचं नाव एझरा, पण चर्चचा कारभार बघतो म्हणून सगळेच डीकन म्हणतात. आम्ही दोघं सतरा वर्षं एका गॅरेजात होतो. मग भांडलो. नऊ वर्षं झाली त्याला.

"काय लेम, अजून जिवंत?"

"तुझं तोंड बघितलं की मरावंसं वाटतं, पण आवरतो."

"आणि म्हातारी? पळते का अजून, की ढकलतोस?"

म्हातारी म्हणजे माझी जुनी मालिबू गाडी. माझ्या आईचं नाव दिलंय तिला, मिस ओडेसा. ती पळते का म्हणून विचारणाऱ्याला मी उत्तर तोंडाने देत नाही. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार ठरला, हॉब्ज क्रीकची शर्यतीची पट्टी. वेळेचा बोर्ड बंद ठेवायचा, कोणाला किती सेकंद लागले ते जगाला कळायचं कारण नाही. पलीकडे पहिला कोण पोचला, बस्स. मग घासाघीस. त्याला सुरुवातीला एक गाडीभर पुढे उभं राहायची सूट हवी होती. मी म्हटलं नाकाएवढी देतो. शेवटी अर्ध्या गाडीवर तुटलं. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं जमली होती, सगळ्यांना ताटं वाढल्यासारखा आनंद.

आणि तेव्हा तो म्हणाला, "हरेल त्याने बॉनेट उघडायचं. आठही प्लग काढून टेबलावर मांडायचे. सगळ्यांसमोर."

आमच्यातला माणूस एक वेळ बनियनवर चर्चला येईल, पण प्लग दाखवणार नाही. प्लग दाखवले की किती नायट्रस, किती पेट्रोल, सगळी अक्कल उघडी पडते. मी म्हणालो, "टेबल तूच घेऊन ये."

घरी आल्यावर माझ्या बायकोने, व्हर्डेलने, भाताच्या पातेल्यावरून विचारलं, "गाडीत बसणार कोण?"

"टॅव्हिया. दुसरं कोण?"

"मग तिला विचारायचं होतंस आधी."

२१ सप्टेंबर, शनिवार

पहिली चाचणी. टॅव्हियाने तीन धावा मारल्या. पोरगी सरळ सोडते, सरळ आणते, हात अजिबात थरथरत नाही. तेहतीस वर्षांची आहे, दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करते. जो वायू मी इंजिनाला देतो तोच तिकडे रोग्यांना मुखवट्यातून देतात. तिचे रोगी हसतात, माझं इंजिन गुरगुरतं.

प्लग काढले. छान भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग. जरा जास्तच भाजलेला. म्हणजे पेट्रोल वाया जातंय, ताकद धुरात चाललीय. पेट्रोलचा जेट एक नंबर बारीक केला. जेट म्हणजे पितळेचं एवढंसं बटण, मध्ये भोक. त्यावर आकडे इतके बारीक कोरतात की मुंगीलाच वाचता यावेत. मी आकडे बघतच नाही. माझ्या डब्यात ड्रिलच्या काड्या क्रमाने लावलेल्या आहेत, भोकात कुठली जाते ते बोटाला कळतं. जुनी पद्धत कधी दगा देत नाही.

टॅव्हिया माझ्या खांद्यावरून बघत होती. "बाबा, मला हे पांढरे वाटतात."

"तू दिवसभर दात बघतेस. तुला सगळं पांढरंच दिसणार."

ती हसली नाही. एरवी हसते.

२४ सप्टेंबर, मंगळवार

व्हर्डेलने स्वयंपाकघर रंगवून घेतलं. कस्टर्डचा रंग! मी म्हणालो, एवढे कष्ट घेतलेस तर जरा बरा रंग तरी निवडायचा. ती ब्रश हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"लेम, हा पांढरा आहे."

"हा पांढरा असेल तर मी गोरा आहे."

झालं! डोळ्यांच्या डॉक्टरचं पुराण सुरू. हे पुराण ती तीन वर्षं वाचतेय. मी म्हटलं, मला रस्ता दिसतो, ताट दिसतं, तूही दिसतेस, आणि तुझी जीभ तर डोळे मिटूनही दिसते. ती म्हणाली, "आणि परवा ट्रेलर मागे घेताना पोस्टाची पेटी आडवी केलीस ती?" ती पेटी मुळातच रस्त्याच्या अंगाला झुकलेली होती. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणे.

माझा बाप पासष्टाव्या वर्षी आंधळा झाला. अकरा वर्षं व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होता. कोणी आलं की विचारायचा, "कोण? कोण आहे?" आपल्याच घरात! मी चौसष्ट पूर्ण केली आहेत. आज उगीचच हे लिहितोय. डोकं दुखतंय.

५ ऑक्टोबर, शनिवार

गाडी पळाली रे देवा! मागच्यापेक्षा बरीच जोरात, पोटात कळलं मला. शेवटच्या टप्प्यात मात्र एक उचकी दिली. टॅव्हिया म्हणाली इंजिनाने आतून ठोका दिला, पेट्रोल कमी पडतंय. मी म्हणालो टायरची पकड सुटली असेल. पट्टीवर तिकडे एक खड्डा आहे, सगळ्यांना माहीत आहे.

प्लग पुन्हा तपकिरी. आधीपेक्षा गडद म्हणावे असे. जेट आणखी एक नंबर खाली. मी नवे प्लग लावत होतो तेव्हा जुने आठ तिने पेपर नॅपकिनात गुंडाळले आणि पिशवीत टाकले.

"कशाला?"

"असू देत."

"असू देत म्हणजे? लोणचं घालतेस?"

"बाबा, कचराच आहे ना? मग मी नेला तर काय झालं?"

प्लग कचऱ्यात टाकायचे नसतात, हातोडीने फोडायचे असतात. हे तिला मीच शिकवलंय, ती नऊ वर्षांची होती तेव्हा.

८ ऑक्टोबर, मंगळवार

गॅस्केट आणायला गेलो होतो, येताना डीकनच्या गॅरेजवरून आलो. सरळ रस्ता बंद होता म्हणून. बरं, बंद नव्हता. मी मुद्दाम त्या बाजूने आलो. आणि तिथे टॅव्हियाचा ट्रक! लाल, मागच्या दिव्याला टेप. ट्रक ओळखायला मला काही चष्मा लागत नाही.

पुढे जाऊन चर्चच्या आवारात थांबलो. काय काम होतं तिचं तिथे? पिशवीत माझे आठ प्लग घेऊन शर्यतीआधी माझ्या शत्रूच्या दारात!

घरी विचारलं नाही. व्हर्डेलने भेंडीचं सूप वाढलं, मी दोन घास खाल्ले. "काय झालं?" काही नाही. "लेम, काय झालं?" काही नाही म्हटलं ना! मग तीही रागावून टीव्हीसमोर जाऊन बसली. आज या घरात कोणालाच झोप येणार नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पावसाने चाचणी रद्द. दिवसभर शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या. दुपारी टॅव्हिया आली, शेंगांची पुरचुंडी घेऊन. उकडलेल्या, गरम, मिठाच्या. मला आवडतात हे तिला माहीत आहे. लाच.

"बाबा, पेट्रोलचे जेट पहिल्यासारखे मोठे ठेवू या का?"

"का?"

"इंजिन सुरक्षित राहील. जरा हळू पळेल, पण टिकेल. हरलो तर हरलो."

हरलो तर हरलो! हे माझ्या पोरीचं तोंड आहे की डीकनचं? मी तसंच विचारलं. तिचा चेहरा लाल झाला असावा, आवाज तरी तसा झाला.

"म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे तूच सांग. मंगळवारी दुपारी कुठे होतीस?"

मला वाटलं आता सांगेल. मला खरंच ऐकायचं होतं, काहीही असतं तरी. पण ती म्हणाली, "तुम्ही डोळे तपासून या, मग सांगते."

हिलाही आईने फितवलंय तर! मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांचं राहू दे, तू तुझं इमान तपास." ती शेंगा तिथेच ठेवून निघून गेली. मी खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी खाल्ल्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेलो नाही. डीकनचं तोंड बघायचं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चार दिवस राहिले. जेवताना मी उठतो, जाऊन शेडचं कुलूप बघून येतो. पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. व्हर्डेल म्हणाली, "खुर्चीत खिळे आहेत का?" जेटचा डबा आता माझ्या पलंगाखाली असतो. स्वतःच्या मुलीपासून जेट लपवायची वेळ आली!

दुसऱ्या कोणाला गाडीत बसवावं का, असंही मनात आलं. पण बसवणार कोणाला? आणि मला दुसरं कोणी नकोय. ती जिंकून आली पाहिजे आणि डीकनसमोर माझ्याजवळ उभी राहिली पाहिजे, मग ती त्याला काय विकून बसली असेल ते असो. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण खरं आहे.

बारीक जेटच ठेवणार आहे. प्लग तपकिरी आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

२७ ऑक्टोबर, रविवार

कालचं आज लिहितोय. काल पेन धरवलं नसतं.

हॉब्ज क्रीकला आम्ही दहा वाजता पोचलो. ऊन रखरखीत, दोन्ही कठड्यांना माणसं लगडलेली. दोन वाजता टॅव्हिया रेसचे कपडे चढवायला गेली. मी शेवटची तपासणी सुरू केली. बाटलीत साडेनऊशे पौंड दाब, ठीक. टायमिंग ठीक. पेट्रोलचा जेट काढून काडी घातली, तर काडी ढिली गेली. एक नंबर वरची घातली, तीही गेली. दोन नंबर वरची चपखल बसली.

कोणीतरी जेट बदलले होते. कोणीतरी म्हणजे कोण ते सांगायला ज्योतिषी नको. डब्याची जागा व्हर्डेलला माहीत, शेडची किल्ली टॅव्हियाकडे. मोठा जेट, जास्त पेट्रोल, हळू गाडी. माझी पोरगी माझीच गाडी हरवायला निघाली होती. माझे कान गरम झाले. ओरडावं, सगळी पट्टी गोळा करावी असं वाटलं. ओरडलो नाही. बारीक जेटचे जादा नग माझ्या खिशात होते. ते घातले, बॉनेट लावलं, वर चादर टाकली. सहा मिनिटं लागली असतील.

ती आली. हेल्मेट काखेत. "सगळं बरोबर आहे ना, बाबा?"

"अगदी बरोबर."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

ती गाडी घेऊन रांगेत गेली आणि मी ट्रेलरमध्ये परत आलो. काळा चष्मा आणायला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिची पिशवी बघायची होती. मला पुरावा पाहिजे होता. शर्यत संपल्यावर तो मी तिच्या आणि डीकनच्या तोंडावर मारणार होतो.

पिशवीत वर तिचा दवाखान्यातला चष्मा होता. दातांतली बारीक कीड बघायचा, जाड भिंगांचा, मध्ये छोटा दिवा. खाली नॅपकिनात माझे आठ प्लग. आणि एक चिठ्ठी. मला ती वाचता येईना. मग मी तो चष्मा चढवला, दिवा लावला, कागद नाकाला लावला. अक्षर डीकनचं. सतरा वर्षं ते अक्षर मी बिलांवर बघितलंय.

"पोरी, हे पांढरे आहेत. कागदासारखे. इंजिन ठोकतंय. पेट्रोल दोन नंबर वाढव, त्याशिवाय गाडीत बसू नकोस. त्याला दिसत नाहीये. त्याला तू सांग, नाहीतर मी सांगतो. ए. मॅनिगो."

मी एक प्लग उचलला. दिव्याच्या उजेडात त्यावर काहीतरी चमकत होतं, मिरपूड शिंपडल्यासारखं. नखाने खरवडलं. नखात बारीक, टणक कण आला. पिस्टनचं ॲल्युमिनियम. पिस्टन कणाकणाने सुटत होता आणि मी त्याला भाजलेला शेंगदाणा म्हणत होतो. दुसरा उचलला, तोही तसाच. आठही तसेच. रंग मला अजूनही तपकिरीच दिसत होता. पण नख खोटं बोलत नव्हतं.

बाहेर भोंग्यावर तिचं नाव पुकारलं.

मी पळालो. चौसष्टाव्या वर्षी, एक गुडघा कामातून गेलेला, डोक्यावर दातांचा चष्मा, कपाळावर दिवा पेटलेला. लोक हसले असतील. तिने पकड यावी म्हणून टायर जागच्या जागी फिरवून जाळायला घेतले होते, सगळीकडे पांढरा धूर, म्हणजे मला तो पिवळट दिसत होता. डीकनची गाडी आधीच रेषेवर. मी ओरडत होतो पण दोन इंजिनांपुढे कोणाचं काय चालतं! सुटायचा इशारा देणाऱ्याने मला ढकललं. "म्हाताऱ्या, मरायचंय का?" मी त्याच्या बगलेखालून गेलो आणि मिस ओडेसाच्या नाकासमोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले, एकमेकांवर. इंजिन बंद कर, अशी खूण.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. इंजिन वर चढलेलं होतं, पायाखालची जमीन हलत होती. मग एकदम बंद झालं.

आमच्यात टायर जाळून झाल्यावर जो इंजिन बंद करतो तो हरला. याला अपील नाही.

टॅव्हिया खिडकीची जाळी ओढून बाहेर आली. हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. "वेड लागलंय का तुम्हाला? काय झालं? सगळं ठीक होतं! जेट मी बदललेत, बाबा, मी मोठे घातलेत, मला काहीही झालं नसतं!"

"मी परत बदलले."

"काय?"

"दोन वाजता. बारीक घातले. मला वाटलं तू..."

तिने हातमोजा ओढून काढला. मग हातातल्या मोज्याने माझ्या छातीवर मारलं, एकदा, दोनदा, आणि गाडीच्या टपावर कपाळ टेकून उभी राहिली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "आत्ता नको."

डीकन चालत आला. मागे त्याची माणसं, एकाच्या डोक्यावर घडीचं टेबल. त्याने त्याला हातानेच थांबवलं. "राहू दे, लेम. ही काही शर्यत झाली नाही. घरी जा."

"शर्त ती शर्त. टेबल मांड."

"अरे, ऐक माझं."

"एझरा, टेबल मांड."

इंजिनात नवे प्लग होते, त्यांच्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. मी नॅपकिनातले आठ आणले आणि ओळीने मांडले. तीस वर्षांत बाहेरच्या कोणी माझे प्लग बघितले नव्हते. दीडशे माणसं तरी जमली असतील, पुढच्यांच्या खांद्यांवरून मागचे वाकत होते. डीकन वाकला. एकेक उचलून उन्हात धरला. त्याला घाई नव्हती. मग मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "छान आहेत. शेंगदाण्यासारखे भाजलेत. लेमचा हात अजून लेमचाच आहे."

ज्यांना कळत होतं ते जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं गप्प बसावं. खरंच वाटलं. तो माझी अब्रू वाचवत होता, नऊ वर्षं न बोललेला माणूस.

मी म्हणालो, "चर्चचा माणूस आहेस, खोटं बोलू नकोस." मग लोकांकडे वळलो. चेहरे दिसत नव्हते, नुसते रंगांचे डाग. "हे पांढरे आहेत. मला तपकिरी दिसतात. मला सगळंच तपकिरी दिसतं, किती दिवसांपासून ते मला माहीत नाही. मी पेट्रोल कमी करत गेलो आणि माझी मुलगी आत बसली होती. तिला माहीत होतं, तरी ती बसली. आज तिने ते दुरुस्त केलं होतं आणि मी चोरासारखं ते बिघडवलं."

व्हर्डेल कुठूनशी आली आणि माझ्या कपाळावरचा दिवा बंद केला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

टॅव्हियाने सुट्टी टाकली आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि दोन मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. आधी डावा काढू, मग उजवा. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणे. माझ्या बापाला जे झालं ते वेगळं होतं, मला ते नाही. अर्धा तास! मी तीन वर्षं घाबरत होतो. व्हर्डेलला सांगायचं कसं याचा विचार करतोय, ती आता जन्मभर ऐकवणार.

परत येताना अर्ध्या वाटेत टॅव्हिया बोलली.

"बाबा, शनिवारी धूर विरला तेव्हा तुम्ही समोर उभे होता, माझ्याकडेच बघत होता. मी हात हलवत होते. बाजूला व्हा, बाजूला व्हा, म्हणून. तुम्ही हललाच नाहीत."

"मला दिसलं नाही."

"हात नाही दिसला?"

"काहीच नाही दिसलं. नुसती काच चमकत होती. आत तू आहेस एवढं माहीत होतं."

तिने ट्रक कडेला घेतला, थांबवला. दोन्ही हात चाकावरच होते. "त्याच्या आधी माझा पाय तळाला होता, बाबा. अंगठ्याने बटण दाबून धरलं होतं. ते सोडलं की गाडी सुटते. मी दिव्याकडे बघत होते. समोर सगळा धूर."

शनिवारपासून मी तिच्याच मरणाचा विचार करत होतो, मी तिच्याच चाकाखाली गेलो असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग थांबलीस कशी?"

"धुराच्या खालून पाय दिसले. नुसते पाय. एक सरळ, एक फेंगडा." तिने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "तेवढ्यावरून ओळखलं मी तुम्हाला."

ती रडली. मीही रडलो, रस्त्याने जाणारे बघत होते तरी. मग मी म्हणालो, बरं झालं बाई, तुझे डोळे आईवर गेलेत. ती हसली नाही. नाक पुसलं, आरशात मागे बघितलं, आणि मला घरी घेऊन आली.